पदवीच्या पुस्तिकेचे रसग्रहण

दिवाळी अंकातल्या टीकालेखाने एखाद्या कादंबरीचा, काव्यसंग्रहाचा, निदान नाटकाचा तरी समाचार घ्यावा, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. चकलीचा तुकडा तोंडात आणि अंक मांडीवर, अशा बैठकीत विद्यापीठाच्या नियमांविषयी वाचायला कोणाला आवडेल? तरीही यंदा मी ज्या पुस्तकावर लिहायला बसलो आहे ते कादंबरीही नाही आणि काव्यही नाही. बी.ए.ला इंग्रजी हा मुख्य विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याने पदवी पदरात पडण्यासाठी काय काय पुरे करायचे, हे सांगणारी ती एक पुस्तिका आहे. तिला लेखकाचे नाव नाही, प्रस्तावना नाही, अर्पणपत्रिका तर नाहीच नाही. पण इतक्या तरुण आयुष्यांचा निकाल लावणारे, आणि ज्यांचा निकाल लागायचा त्यांनीच इतके कमी वाचलेले, असे दुसरे पुस्तक माझ्या तरी पाहण्यात नाही. टीकाकाराने दुर्लक्षित पुस्तकांकडे लक्ष वेधावे म्हणतात. तेच मी करतो आहे.

ही पुस्तिका माझ्याकडे आली ती 2024 च्या जून महिन्यात, एका पावसाळी संध्याकाळी. आमची भिवंडी साहित्यासाठी प्रसिद्ध नाही. ती प्रसिद्ध आहे यंत्रमागांसाठी. मागांच्या खडखडाटात बोलण्याची सवय झाल्याने इथल्या माणसाचा आवाज घरातसुद्धा एक पट्टी वर असतो. गावात मराठी आहे, उर्दू आहे, हिंदी आहे, पद्मशाली विणकरांची तेलुगू आहे, आणि आसपासच्या खेड्यांतली आगरी बोली आहे. इंग्रजी मात्र सहसा कोणाच्या घरची नाही. म्हणूनच की काय, ती सर्वांना सारखीच परकी आणि सारखीच हवीशी वाटते. गावात धामणकर नाक्याकडे बी.एन.एन. महाविद्यालय आहे, मुलींसाठी मोमीन महिला महाविद्यालय आहे; दोन्ही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. ज्यांना याहून पुढे जायचे ते एस.टी.ने ठाणे नाही तर कल्याण गाठतात. भिवंडी रोड स्टेशन दिवा-वसई मार्गावर पडले. तेव्हा मुंबईची सरळ लोकल आमच्या वाट्याला नाही. इथल्या मुलामुलींना अभ्यासक्रम निवडताना बसचे वेळापत्रकही सोबत निवडावे लागते, हे पुढचे सारे वाचताना ध्यानात ठेवावे.

माझ्या शेजारी एक कुटुंब राहते. गृहस्थ दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवतात. थोरली मुलगी बारावी झाली. महाविद्यालयाची पायरी चढणारी घरातली ती पहिलीच. इंग्रजी का घेतेस म्हणून विचारले तर म्हणाली, "आमच्या शाळेत इंग्रजीच्या बाई होत्या ना, तशी बाई व्हायचंय." यापेक्षा चांगले कारण मी तरी ऐकलेले नाही. मी निवृत्त शाळामास्तर. म्हणून तिने ती पुस्तिका माझ्यापुढे ठेवली आणि एका शब्दावर बोट ठेवले.

"काका, इथे मायनर लिहिलंय. पण मला तर एप्रिलमध्येच अठरा पूर्ण झाली!"

मी हसलो, तीही हसली. पण हसू ओसरल्यावर लक्षात आले, की पोरीने थट्टा केलेली नव्हती. तिला जो अर्थ ठाऊक होता तो तिने लावला. चूक वाचणाराची नव्हती, लिहिणाराची होती. आणि तिथूनच माझ्यातला टीकाकार जागा झाला.

प्रथम भाषा पाहू. ही पुस्तिका आरंभापासून अखेरपर्यंत कर्मणी प्रयोगात चालते. 'निवड करण्यात यावी', 'पूर्तता करणे अनिवार्य राहील', 'पूर्वअट लागू असेल.' निवड कोणी करायची, पूर्तता कोणाला सांगायची, हे वाक्याच्या आत कुठेही सापडत नाही. त्यात आद्याक्षरांची दाटी अशी, की एखाद्या पानावर नजर टाकली तर आगगाडीच्या डब्यांवरचे आकडे वाचतो आहोत असा भास व्हावा. ज्या अर्थी प्रत्येक आद्याक्षर उलगडून सांगायची गरज लेखकाला वाटली नाही, त्या अर्थी त्याच्या मनातला वाचक असा आहे, की ज्याच्या घरात हे सारे आधीच कोणीतरी वाचलेले आहे. थोरला भाऊ, प्राध्यापक मामा, पुण्याची आत्या! आमच्या शेजारणीला यांपैकी कोणी नाही. पुस्तकाने आपला वाचक चुकीचा कल्पिला, हा साहित्यातला मोठा दोष समजला जातो; इथे तो दोष पहिल्याच पानावर आहे.

आता कथानक. ते मुळात अवघड नाही. अवघड करून सांगितले आहे, इतकेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या डिसेंबरात पदवीचा नवा आराखडा काढला, महाराष्ट्र शासनाने 2023 च्या एप्रिलमध्ये आपला निर्णय प्रसिद्ध केला, आणि संलग्न महाविद्यालयांत तो 2024-25 पासून सुरू झाला. यात मोजण्याचे माप म्हणजे क्रेडिट, मराठीत श्रेयांक. आठवड्याला एक तास याप्रमाणे पंधरा आठवडे व्याख्यान ऐकले, की एक श्रेयांक. आयोगाच्या हिशेबाने तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक लागतात. त्यांतले 60 मुख्य विषयाचे, म्हणजे मेजरचे. 24 जोडविषयाचे, म्हणजे त्या मायनरचे. उरलेले भाषा, कौशल्ये, अन्य शाखांतले विषय आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांत वाटलेले. महाराष्ट्राने तीन वर्षांसाठी ही मर्यादा 120 ते 132 अशी धरली. चौथे वर्ष केले तर ऑनर्सची पदवी, तिला 160 ते 176. सबंध गोष्ट ही एवढीच! दहा ओळींत मावते. तिला कित्येक पाने कशाला लागावीत?

गुणदोष दोन्ही सांगणे हे टीकाकाराचे कर्तव्य; तेव्हा गुणही सांगतो. जुन्या रचनेत मुंबई विद्यापीठाचा कलाशाखेचा विद्यार्थी पहिल्या वर्षी तीन ऐच्छिक विषय घेई, दुसऱ्या वर्षी त्यांतले दोन ठेवी, आणि तिसऱ्या वर्षी एकाच विषयाचे सहा पेपर तरी देई नाही तर दोन विषयांचे तीन-तीन. वाट सरळ, पण अरुंद. नव्या रचनेत इंग्रजी साहित्य घेणारी मुलगी शेजारी अर्थशास्त्र शिकू शकते, भाषांतराचे कौशल्य उचलू शकते, आणि पहिल्या वर्षाच्या अखेरीस विषय चुकला असे वाटले तर बदलून मागूही शकते. दारे वाढली, हे नाकारणे अन्यायाचे होईल.

पण कथानकात एक मोठी उणीव आहे, ती अशी : कोणत्या निवडीचा पुढे काय परिणाम होतो, हे पुस्तिका सांगत नाही. या उणिवेची किंमत काय असते ते मी जुन्या रचनेत पाहिले आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा पुढे बी.ए.ला गेला. दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरताना त्याने इंग्रजी सोडले. कारण बरोबरच्या दोघांनी सोडले होते, आणि तो तास सुटल्यावरची बस चुकत असे. तिसऱ्या वर्षी त्याला वाटले, सहा पेपर इंग्रजीचेच द्यावेत. खिडकीतून उत्तर आले, दुसऱ्या वर्षी सोडलेला विषय तिसऱ्या वर्षी मुख्य म्हणून मिळत नाही. नियम पुस्तकात होता, त्याने वाचलेला नव्हता. आणि त्याच्यासाठी तो वाचणे हे कोणाचेच काम नव्हते. मुलगा हुशार होता. इंग्रजी कविता तोंडपाठ म्हणायचा. आज तो एका गोदामात हिशेबाला आहे. हिशेबाचे काम कमी प्रतीचे असे मी म्हणत नाही. पण ते त्याने निवडले नाही, त्याच्या वाट्याला आले.

आमच्या गावात कोणीही मागवाला सांगेल : बीमवर ताणा चढला, की मग बाण्यात हवे ते फेरफार करा, ताणा बदलायचा तर सगळेच उतरवावे लागते. पहिल्या वर्षाचा अर्ज म्हणजे ताणा आहे. तो चढवण्याच्या दिवशी मागाशेजारी जाणता माणूस नको का?

असा जाणता माणूस ठेवायची पद्धत आपल्याकडे का पडली नसावी, याचा विचार करू लागलो की पार मागे जावे लागते. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले 1857 साली. 1862 साली पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. त्या चौघांना सल्लागार लागला नसेल; कारण निवडीला फारसा वावच नव्हता. इंग्रजी तर सर्वांनाच शिकावी लागे. अभ्यासक्रम म्हणजे एकच हमरस्ता. त्यावर चालत राहायचे किंवा गळून पडायचे. मराठीला वरच्या परीक्षेत जागा मिळावी म्हणून पुढे न्यायमूर्ती रानडे आयुष्याच्या अखेरपर्यंत झटत राहिले, यावरून तो रस्ता किती बांधलेला होता याची कल्पना यावी. हमरस्त्यावर वाटाड्याची गरज नसते, म्हणून आपण वाटाड्या नेमला नाही. पुढे रस्त्याला फाटे फुटत गेले, चौक झाले, आता तर नुसते जाळे झाले आहे. वाटाड्या मात्र अजून नेमलेला नाही.

दुसरीकडे काय झाले ते पाहणे बोधप्रद आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात चार्ल्स एलियट 1869 साली अध्यक्ष झाले आणि त्यांनी ठरीव अभ्यासक्रम मोडून विद्यार्थ्याने विषय स्वतः निवडावेत ही पद्धत जोराने पुढे नेली. थोड्याच वर्षांत ध्यानात आले, की सतरा-अठरा वर्षांच्या मुलापुढे नुसती यादी टाकणे म्हणजे त्याला बाजारात सोडून देणे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने 1889 च्या सुमारास विद्यार्थ्यांना सल्ला देणाऱ्या प्राध्यापकांवर एक प्रमुख नेमला. हार्वर्डनेही नवागतांसाठी सल्लागार मंडळ केले. तात्पर्य, निवड आणि सल्ला ही जुळी भावंडे आहेत. आपण त्यांतले एक घरी आणले आणि दुसरे तिकडेच विसरलो.

कोणी म्हणेल, साहित्य शिकणाराला एवढा सल्ला कशाला? ज्याच्यात धमक आहे तो आपली वाट काढतोच. विंदा करंदीकर इंग्रजीचेच प्राध्यापक, रा. भा. पाटणकर इंग्रजीचेच, भालचंद्र नेमाड्यांनीही इंग्रजी शिकवले. आणि या सर्वांनी मराठी श्रीमंत केली. करंदीकरांनी अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले, राजा लिअर आणला. त्याही आधी, 1883 साली, आगरकरांनी हॅम्लेटचे 'विकारविलसित' केले होते. इंग्रजीच्या वर्गाने मराठीला जे दिले ते थोडेथोडके नव्हे, आणि म्हणूनच त्या वर्गाच्या दाराशी कोण अडते आहे याची चिंता मराठी वाचकानेही केली पाहिजे. जे पोचले त्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. जे अर्जाच्या खिडकीशीच वळले, त्यांची यादी कोण ठेवतो?

वाङ्मयाने ती थोडी ठेवली आहे. नेमाड्यांची 'कोसला' 1963 साली आली. तिचा पांडुरंग सांगवीकर सांगवीहून पुण्याला शिकायला जातो आणि परीक्षेतले अपयश घेऊन गावी परततो. त्या कादंबरीवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. तरुणाच्या एकटेपणाविषयी, तिच्या भाषेविषयी, परंपरेशी असलेल्या भांडणाविषयी. मी एक साधी गोष्ट सुचवतो. घरापासून लांब आलेल्या मुलाभोवती माणसांची गर्दी असते, खानावळ असते, मित्र असतात, संमेलने असतात; पण 'तू इथे काय करायला आला आहेस आणि त्यासाठी काय करायला हवे?' हे शांतपणे विचारणारे वडीलधारे माणूस त्याच्या वाट्याला येत नाही. सांगवीकराला विद्वान प्राध्यापक थोडे मिळाले, हे त्याचे दुःख नव्हे. त्याच्याशी वीस मिनिटे बोलणारा एकही मिळाला नाही, हे आहे.

आता महाविद्यालयांची बाजूही ऐकली पाहिजे. कागदावर मार्गदर्शक शिक्षक आहेत. नॅकच्या मूल्यांकनात एका मार्गदर्शकामागे किती विद्यार्थी, हे प्रमाण विचारले गेलेले आहे. म्हणून याद्या तयार असतात. पण प्राध्यापकाला व्याख्याने आहेत, परीक्षा आहेत, उत्तरपत्रिका आहेत, निवडणुकीची कामे आहेत, आणि कित्येक ठिकाणी तो स्वतःच तासिका तत्त्वावर, म्हणजे पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही याची खात्री नसलेला. ज्याला स्वतःच्या वाटेचा पत्ता नाही त्याने दुसऱ्याला वाट दाखवावी, ही अपेक्षाही एका परीने क्रूरच. तेव्हा मी हा दोष कोणा एका माणसाच्या माथी मारत नाही. दोष रचनेचा आहे : सल्ला देणे हे शिकवण्याचेच अंग आहे, असे कोणी मानलेले नाही.

पुन्हा त्या मुलीकडे येतो. त्या जूनमध्ये आम्ही दोघांनी बसून तिची वाट आखली. तिला शाळेत शिकवायचे आहे. म्हणजे पदवीनंतर बी.एड. हवे, आणि बी.एड.ला सर्वसाधारणपणे पदवीत निदान 50 टक्के गुण हवेत. त्यासाठी चौथ्या वर्षाची सक्ती नाही. पुढे एम.ए.चे मनात आलेच, तर तीन वर्षांच्या पदवीवर ते दोन वर्षांचे, चार वर्षांच्या पदवीवर एक वर्षाचे. बेरीज दोन्हीकडे पाचच. हे ऐकून तिचे वडील म्हणाले, "मास्तर, हे असं कुणी सांगत नाही हो." सांगायला लागली होती ती वीस मिनिटे.

खरा प्रसंग त्या दिवाळीत आला. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तिची आई फराळाचे ताट घेऊन आली आणि जरा घुटमळली. स्थळ आले होते. मुलगा चांगला, घरचे दोन माग. मंडळींना मे महिन्यात लग्न हवे होते. "मग कॉलेजचं एक वर्ष गेलंच म्हणायचं की हो?" तिने विचारले. त्या प्रश्नात तक्रार नव्हती, नुसता हिशेब होता. पण मुलगी दाराआड उभी होती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

मी आराखडा काढला. त्यात एक वाक्य आहे, आणि पुस्तिकेने त्याची एका ओळीत, आद्याक्षरांच्या गर्दीत, बोळवण केलेली आहे. त्याचा अर्थ असा : पहिले वर्ष पुरे करून, वर चार श्रेयांकांचा एक व्यावसायिक अभ्यास केला, तर विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळते, आणि तीन वर्षांच्या आत तो परत येऊ शकतो, सुरुवातीपासून कमाल सात वर्षांत पदवी पुरी करू शकतो. दोन वर्षांनी थांबला तर पदविका. मिळवलेले श्रेयांक नावावर जमा राहतात. मी ते त्या माउलीला सोप्या शब्दांत वाचून दाखवले. ती दोनदा म्हणाली, "सात वर्षं?" आणि मग दाराकडे पाहून, "ऐकलंस का गं?"

सबंध पुस्तिकेतले सर्वांत माणुसकीचे वाक्य कोणते, असे मला कोणी विचारले तर मी हेच दाखवीन. ज्या देशात मुलीचे शिक्षण लग्नाने, आजारपणाने, घरच्या कर्जाने मध्येच तुटते, त्या देशासाठी हे वाक्य लिहिले गेले आहे. पण ज्यांच्यासाठी लिहिले त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही. आणि न पोचलेल्या वाक्याला वाङ्मयात काय किंवा नियमांत काय, मोल नसते. लग्नाचे बोलणे पुढे ढकलले गेले, मोडलेले नाही. मुलगी दुसऱ्या वर्षात गेली. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. मात्र जे होईल ते तिच्या घरचे लोक माहिती असताना ठरवतील, एवढा फरक पडला.

इंग्रजीच्या प्राध्यापकांना एकच विनंती करून हे रसग्रहण संपवतो. एखादी अवघड कविता घ्यायची, तिचे शब्द सुटे करायचे, न लिहिलेले ओळींमधून वाचायचे, आणि ते दुसऱ्याला समजेल असे सांगायचे, हीच तुमची विद्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात, शेक्सपिअरला हात घालण्यापूर्वी, दोन तास याच विद्येने ही पुस्तिका वर्गात वाचा. आईबापांनाही बोलवा, रात्रपाळी करून आलेले आईबापही येतील, मला खात्री आहे. प्रत्येक मुलाला तीन प्रश्न विचारा : तुला पुढे काय करायचे आहे, त्यासाठी काय लागते, आणि मध्येच थांबावे लागले तर परत कसे यायचे. याला अनुदान लागत नाही, इमारत लागत नाही.

आणि वाचकहो, तुमच्या घरात पदवीधर कोणी असेल तर पुढच्या जूनमध्ये शेजारचे एखादे पोर अशी पुस्तिका घेऊन दाराशी येईल. त्याने 'मायनर'चा अर्थ विचारला तर हसा, पण मग चष्मा काढून त्याच्याजवळ बसा.